जुन्या कार अँप्लिफायरचे वजन

एका चर्चेत एका सदस्याने जुने कार अँप्लिफायर (गाडीतील स्पीकरसाठी ध्वनिसंकेताची शक्ती वाढवणारी यंत्रे) केवळ वजनदार असल्यामुळे भक्कम वाटतात, असे म्हटले आहे. मला ते पटत नाही. ते वजन ॲल्युमिनियमच्या जाड हीटसिंकचे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचे) आणि वीजपुरवठ्यातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे असे, आणि क्लास एबी या तेव्हाच्या प्रचलित रचनेत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडत असल्यामुळे ते आवश्यकच होते.

ओरायन कंपनीचा 225 एचसीसीए हा अँप्लिफायर माझ्या मते त्या काळाचे उत्तम उदाहरण. कागदावर 4 ओहम रोधाच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे अवघे 25 वॅट. परंतु स्पीकरचा रोध कमी करत नेला की तो कित्येक पटींनी अधिक शक्ती देई, कारण तेवढा प्रवाह पुरवण्याची क्षमता त्याच्या वीजपुरवठ्यात मुळातच ठेवलेली होती. आज स्वस्त अँप्लिफायरच्या खोक्यावर हजारो वॅट छापलेले दिसतात, तेव्हा हा संयम फार मोलाचा वाटतो. 2003 मध्ये सीईए-2006 हे अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स उद्योग संघटनेचे मानक आले आणि 14.4 व्होल्ट, 4 ओहम व ध्वनिसंकेतात 1 टक्का विकृती या अटींवर शक्ती मोजली जाऊ लागली, पण ते ऐच्छिकच राहिले.

क्लास डी या कमी उष्णता निर्माण करणाऱ्या नव्या रचनेची कार्यक्षमता मला मान्य आहे, सबवूफरसाठी (खर्जाच्या स्पीकरसाठी) तर तोच सोयीचा. मात्र जुन्या बोर्डावरील सुटे भाग साध्या सोल्डरिंग आयर्नने बदलता येतात. जुना अँप्लिफायर घेणाऱ्यांनी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले, विद्युतभार साठवणारे भाग) आधी तपासावेत. वयोमानाने प्रथम तेच सुकतात.