‘फॉर मेन’ लिहिलेल्या बाटलीत नेमकं वेगळं काय असतं?

काठावरचा

पुरुषांच्या प्रसाधनांची आता वेगळी रांगच असते. काळ्या-करड्या बाटल्या, कोळसा, कॅफिन, ‘आइस’, ‘पॉवर’, ‘एक्स्ट्रीम’. तीन गोष्टी जाणकारांना विचारायच्या आहेत.

फेसवॉश, शाम्पू, क्रीम यांच्या घटकांत पुरुषांसाठी म्हणून खरंच फरक असतो, की फक्त वास आणि वेष्टन? पाच पात्यांच्या रेझरने दाढी करूनही (की त्यामुळेच?) गळ्यावर लाल पुळ्या येतात, केस आत वळतात, ते कसं थांबवायचं? आणि ‘४८ तास’ लिहिलेला डिओ दुपारीच का संपतो?

कुठला ब्रँड घ्यावा हे विचारत नाही. मागचं लेबल वाचून स्वतः ठरवता आलं तरी पुरे.

लेबलवाचक

पहिल्या प्रश्नापुरतं: बहुतेक वेळा वास आणि वेष्टनच. पुरुषांची त्वचा सरासरीने जाड आणि जास्त तेलकट असते हे खरं आहे, पण तेलकट त्वचेचं सूत्र तेलकट त्वचेच्या कोणालाही तेवढंच चालतं.

घटकांच्या यादीचा नियम बऱ्याच देशांत सारखा आहे. १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यायचे, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. म्हणजे यादीचं शेपूट कंपनीच्या मर्जीचं. ही सीमारेषा ओळखायला फिनॉक्सिइथॅनॉल शोधा. उत्पादन खराब होऊ नये म्हणून ते घालतात आणि युरोपीय नियमांत त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्याच्यामागे जे जे येतं ते १ टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला ठळक ‘चारकोल’ आणि यादीत चारकोल पावडर फिनॉक्सिइथॅनॉलच्या आणि परफ्यूमच्याही मागे असेल, तर तो कोळसा रंगापुरता आहे. तसाही फेसवॉशमध्ये कोळशाला फारसं काम नसतं. त्याची शोषून घेणारी पृष्ठं नळीतच साबणद्रव्यांनी व्यापून जातात आणि चेहऱ्यावर तो जेमतेम अर्धा मिनिट राहतो.

पण शेवटी आहे म्हणजे निरुपयोगी, असा सरसकट अर्थ काढू नका. सॅलिसिलिक ॲसिड ०.५ ते २ टक्क्यांत काम करतं, रेटिनॉल त्याहूनही कमी प्रमाणात.

फेसवॉश घेताना पहिले चार-पाच घटक बघा. मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक ॲसिड आणि सोबत पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, की तो नळीत भरलेला साबण समजा. त्याचा पीएच ९-१० च्या आसपास, आणि त्वचेचा ४.५ ते ५.५. धुतल्यावर चेहरा ‘चकचकीत स्वच्छ’ वाटतो आणि थोड्या वेळाने ओढल्यासारखा होतो, तो यामुळे. त्याऐवजी कोकॅमिडोप्रोपिल बीटेन किंवा सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट यादीत वर असलेलं फेसवॉश सौम्य पडतं.

‘थ्री-इन-वन’ (एकाच बाटलीत शाम्पू, कंडिशनर आणि अंगाचा साबण) ही मात्र शुद्ध थाप नव्हे. शाम्पूत पॉलिक्वाटर्नियम किंवा डायमेथिकोन ही केस मऊ करणारी द्रव्यं असतील तर पाणी पडून मिश्रण पातळ झाल्यावर त्यांचा पातळ थर केसांवर बसतो. आखूड केसांना तेवढं कंडिशनर पुरतं. लांब किंवा रंगवलेल्या केसांना नाही.

‘हायपोॲलर्जेनिक’वर विसंबू नका. अमेरिकेत एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) १९७५ साली या शब्दासाठी नियम केला होता, तो १९७७ साली न्यायालयात टिकला नाही. तेव्हापासून तिथे हा शब्द ज्याने त्याने आपापल्या परीने वापरावा.

अवांतर: काळी बाटली ही आजची शक्कल नाही. १९३५ साली अमेरिकेत ‘टॉप-फ्लाइट’ नावाचं पुरुषांचं डिओडोरंट आलं, तेही काळ्या बाटलीतच. आणि ‘ओल्ड स्पाइस’ १९३७ साली आधी बायकांसाठी बाजारात आलं, पुरुषांसाठी वर्षभराने.

सरळ_हात

गळ्यावरच्या पुळ्यांबद्दल. ‘त्यामुळेच’ हा तुमचा संशय बरोबर आहे.

दोन पात्यांचा रेझर जिलेटने १९७१ साली आणला, तीन पात्यांचा १९९८ साली. चार पाती ‘शिक’ या कंपनीने २००३ साली काढली आणि २००६ साली जिलेट पाचवर गेलं. जाहिरातीतलं चित्र आठवा: पहिलं पातं केस ओढून वर काढतं, तो परत आत जायच्या आधी दुसरं त्याला कापतं. हे खरंच तसं घडतं, आणि घोळही तिथेच आहे. कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं. सरळ केस पुन्हा नीट बाहेर येतो, कुरळा केस वळून बाजूच्या त्वचेत शिरतो. शरीर त्याला काट्यासारखं वागवतं, म्हणून लाल, दुखरी पुळी. गळ्यावर केस आडवे-तिरपे आणि चपटे उगवतात, त्यामुळे त्रास तिथे जास्त.

काय करायचं:

पुळ्या जोरात असतील तर आधी तीन-चार आठवडे पातं लावूच नका. ट्रिमरने साधारण १ मिमी खुंट ठेवा. आत वळलेल्या केसाचा फास दिसत असेल तर निर्जंतुक सुईने टोक फक्त सोडवून वर आणा. चिमट्याने उपटू नका. उपटलेल्या केसाच्या जागी नवा येतो तो बऱ्याचदा त्वचेच्या आतच वाट चुकतो.

मग दाढी सुरू करताना गळ्यावर दोन दिवसांचे खुंट असताना हात फिरवून बघा. ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो ती केसांची दिशा. गळ्याच्या दोन बाजूंना ती वेगळी असू शकते, अगदी खालून वरही असते. सरळ हात (केसांच्या दिशेने) म्हणजे वरून खाली, असं गृहीत धरलं की गळ्यावर नकळत उलटा हात मारला जातो.

कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजू द्या. आंघोळीनंतर दाढी करावी ती एवढ्यासाठीच. भिजलेला केस फुगतो आणि कोरड्यापेक्षा बऱ्याच कमी जोरात कापला जातो. फेस मऊ आणि ओला हवा. डब्यातला तयार फोम उंच दिसतो, पण त्यात हवाच जास्त. क्रीम साधारण एक इंच, ब्रशला पाणी थोडं-थोडं देत गोल फिरवत घोटायचं. फेसात बुडबुडे मोठे दिसले तर पाणी जास्त झालं. चेहऱ्यावर वाळायला लागला तर कमी पडलं.

पातं एकच. जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर असेल तर पातं त्वचेशी साधारण ३० अंशांवर, आखूड फटके, दाब अजिबात नाही. कार्ट्रिजची (अनेक पात्यांच्या बदलत्या डोक्याच्या रेझरची) सवय असलेला माणूस पहिल्यांदा हमखास दाबतो आणि कापून घेतो. कातडी ताणू नका, कारण ताणल्यावर केस वर येतो, कापला जातो आणि सोडल्यावर आत जातो. म्हणजे पाच पात्यांचंच काम तुम्ही हाताने केलं. गळ्यावर एकदाच सरळ हात. घोटून गुळगुळीत करण्याचा मोह गालापुरता ठेवा.

पातं पाच-सहा दाढ्यांनंतर बदला, ओढायला लागलं तर आधीच. दाट आणि राठ दाढीला ते लवकर जातं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी पातं बोथट होतं याचं कारण एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं: वाकलेला केस धारेला तिरपा भिडला की तिथून सूक्ष्म टवका उडतो. टॉवेलला पातं पुसू नका. धुवा, झटका, कोरड्या जागी ठेवा.

नको_तो_वास

लेबलवाचक यांच्याशी थोडी असहमती. फरक असायला हवा अशी एक जागा आहे, आणि नेमका तिथेच तो उलट्या बाजूने केलेला असतो. दाढी करताना पातं केसांबरोबर त्वचेचा सगळ्यात वरचा थरही थोडा खरवडतं. म्हणजे दाढीनंतर लावायची वस्तू सर्वांत सौम्य हवी: अल्कोहोल नाही, वास नाही. ‘फॉर मेन’मध्ये मात्र मेंथॉल, अल्कोहोल आणि उग्र सुगंध हेच त्रिकूट. मेंथॉल त्वचेचं तापमान उतरवत नाही, थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या ग्राहीला चेतवतं. आग थंडाव्याखाली लपते, इतकंच.

घामाचा_हिशेब

तिसरा प्रश्न. आधी डब्यावर ‘डिओडोरंट’ आहे की ‘अँटिपर्स्पिरंट’ ते बघा. काखेतला घाम मुळात जवळजवळ वासहीन असतो, त्यावर जगणारे जीवाणू वास तयार करतात. डिओडोरंट त्यांना आवर घालतं आणि सुगंध देतं, घाम थांबवत नाही. अनेक बॉडी स्प्रे तर मुख्यतः अल्कोहोल, वायू आणि सुगंध. अल्कोहोल उडालं, वरच्या पट्टीतले, लवकर उडणारे सुगंध गेले, की दुपार झालीच.

घाम कमी करायचा तर घटकांत ॲल्युमिनिअम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनिअम झिर्कोनिअम हवं. हे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखं बूच बनवतात. त्यासाठी ते रात्री, पूर्ण कोरड्या काखेत लावा. सकाळी आंघोळीनंतर ओलसर काखेत लावलं तर क्षार पृष्ठभागावरच घामात मिसळून वाहून जातात आणि कपड्यावर पिवळे डाग मात्र ठेवतात. रात्री बसलेलं बूच सकाळच्या आंघोळीने निघत नाही. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस सलग लावावं लागतं. काखेतले केस काढले त्या रात्री लावू नका, चरचरतं.

अपेक्षा किती ठेवायची? एफडीएच्या नियमांनुसार घाम २० टक्के कमी झाला तरी उत्पादन अँटिपर्स्पिरंट म्हणवून घेऊ शकतं, आणि ‘एक्स्ट्रा इफेक्टिव्ह’ला ३० टक्के लागतात. काख कोरडी ठणठणीत राहील असं वचन त्यात कुठेच नाही.

काठावरचा

सगळ्यांचे आभार, हे हवं होतं. दोन उपप्रश्न: तुरटी चालते का? आणि दाढी वाढवायचीच ठरवली तर ‘बिअर्ड ग्रोथ ऑइल’ला काही अर्थ आहे?

सरळ_हात

तुरटी चालते. ती आकसवते, बारीक कापलेल्या जागचं रक्त थांबवते. ओली करून हलकेच फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका आणि मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. न धुता ठेवली तर त्वचा कोरडी पडते. एक फुकटचा उपयोग: जिथे तुरटी झोंबते तिथे आज दाब जास्त झाला होता किंवा एक हात जादा मारला गेला.

नको_तो_वास

तेलाने दाढी उगवत नाही. तीन-चार थेंब तेल असलेल्या केसांना मऊ करतं, चमक देतं, बस. दाढीत कोंडा होत असेल तर उलट तेल बंद करा. तो कोंडा ज्या मॅलासेझिया यीस्टमुळे वाढतो ते त्वचेवरच्या तेलावरच जगतं. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं मुळांशी ठेवून धुवा.

बायोटिनच्या गोळ्या शरीरात कमतरता नसेल तर केसांसाठी वाया. शिवाय मोठ्या मात्रेत त्या थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयविकाराचा झटका ओळखायच्या) रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतात. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. मिनॉक्सिडिल या केस वाढवायच्या औषधाला मान्यता आहे ती डोक्यावरच्या केसांसाठी. दाढीला लावायचं तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारून. ते चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून बंद करू नये. आणि घरात मांजर असेल तर लावलेली जागा, उशी, बाटली तिच्यापासून लांब ठेवा. मांजरांना ते थोड्या प्रमाणातही जिवावर बेततं.