मदत हवी आहे: एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची लीग) संघ ड्राफ्टवर (नवख्या खेळाडूंची फेरीनिहाय निवड) उभा करायचा की फ्री एजन्सीवर (करारातून मोकळे झालेले खेळाडू घेणं)?

मंडळी, संघबांधणीचं एक कोडं सुटत नाहीये. 2024 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने फ्री एजन्सीतून सेक्वॉन बार्कलीला घेतलं आणि पठ्ठ्या त्या मोसमात 2005 यार्ड पळाला! पण त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) माहोम्सचा पास मधेच पकडून थेट टचडाउन करणारा कूपर डीजीन त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला, तोही दुसऱ्या फेरीतला. ड्राफ्टमधला पोरगा चार वर्षं स्वस्तात पडतो, सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या पगारखर्चाची मर्यादा) जागा उरते, इथवर कळतं. पण ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्सचा 25.5 कोटी डॉलरचा करार 2023 मध्येच झालेला. मग बार्कलीसाठी कॅप कसा जुळवला? आणि बाहेरून खेळाडू घेतले की कॉम्पेन्सेटरी पिक (गमावलेल्या खेळाडूंच्या बदल्यात ड्राफ्टमध्ये मिळणाऱ्या जादा निवडी) हातचे जातात म्हणतात, त्यात जुन्या संघाने करार मोडून सोडलेले खेळाडूही धरतात का? जाणकारांनी जरा उदाहरण देऊन सांगा ना.