३ इंच लिफ्टनंतर सत्तरच्या पुढे घरघर, स्टेअरिंगही भटकतंय. सल्ला हवा

डबलगिअर
मंडळी, महिन्यापूर्वी गाडी ३ इंच उचलली. पुढे कॉइल आणि रेडियस आर्म (अ‍ॅक्सलला चॅसीशी बांधणारे दांडे), मागे पाटे, दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल. पुढच्या हबना हाताने फिरवायचे लॉक आहेत. निम्मी उंची नव्या स्प्रिंगांची. उरलेली निम्मी पुढे स्पेसर आणि मागे अ‍ॅक्सल व पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालून मिळवली.
तेव्हापासून ७० ते ८५ मध्ये सीटखालून घरघर येते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बरीच कमी होते. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि गाडी सरळ असताना स्टेअरिंगचं चाक डावीकडे कललेलं असतं. अलाइनमेंट दोनदा केलं. दोन्ही वेळा 'टो (पुढची चाकं वरून बघताना आत किंवा बाहेर किती वळलेली ते) बरोबर आहे' म्हणून चिठ्ठी हातात दिली.
खर्चाची तयारी मजुरी आणि किरकोळ सामानापुरतीच आहे. नवीन शाफ्ट (गिअरबॉक्सकडची ताकद अ‍ॅक्सलला नेणारा दांडा) सुचवू नका, ही आधीच हात जोडून विनंती.

चिखलसम्राट
नवीन शाफ्ट घ्या, एका टोकाला दुहेरी सांधा असलेला. डबल कार्डन. माझी गाडी ५ इंच वर आहे, टायर ३५ चे, आणि डॅशबोर्डवर नाणं उभं राहतं. स्वस्तात लिफ्ट करायची आणि मग धागे काढायचे, हे काही बरोबर नाही.

फुलथ्रॉटल
टायर बॅलन्स करून घ्या. माझ्याकडे अशीच थरथर होती. मी इंजिनाची माउंटिंग बदलली, शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) बदलले, सगळं केलं. शेवटी रिमच्या आतल्या बाजूला मूठभर वाळलेला चिखल निघाला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, संपलं. दोन महिने गेले त्यात.

पाटाकमान
डबल कार्डनला +१. आणि स्टेअरिंग डॅम्पर जाड घ्या, भटकणं थांबेल.

गिअरकाका
पाटाकमान, डॅम्परने भटकणं थांबत नाही, फक्त हाताला कळायचं बंद होतं. पॅनहार्डचा (अ‍ॅक्सल आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश गेलेला असला तर डॅम्पर त्याच्यावर पांघरूण घालतो, आणि मग एक दिवस खड्ड्यात चाक गेलं की पुढचा अ‍ॅक्सल असा नाचतो की गाडी उभी करावी लागते.
डबलगिअर, आधी फुकटातल्या दोन गोष्टी करा. पुढचे हब मोकळे करून ८० ला चालवा. टू व्हीलमध्ये हब मोकळे असले की पुढचा शाफ्ट फिरतच नाही. घरघर तशीच राहिली तर पुढचा शाफ्ट निर्दोष सुटला. दुसरं, रिकाम्या सरळ रस्त्यावर ८५ ला न्यूट्रल करा. राहिली तर इंजिन आणि क्लचही सुटले.

फुलथ्रॉटल
टायरचं बघितलं का पण?

मोजपट्टी
टायर की शाफ्ट हे अंगाला कळतं. टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरा. ताशी ८० ला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं, म्हणजे स्टेअरिंगला किंवा सीटला मोजता येईल अशी थडथड. डिफचा (अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो ४.१ असेल तर शाफ्ट त्याच वेगाला सेकंदाला ४० वेळा फिरतो. क्रॉसच्या कोनांमुळे येणारी थरथर फेऱ्याला दोनदा, म्हणजे ८०. ती 'थडथड' नसते, 'घरघर' असते. धागाकर्त्याने शब्दच घरघर वापरलाय.

चिखलसम्राट
आकडेमोड छान. शाफ्ट घ्या.

रानवाट
डबल कार्डन न घेताही जमतं की. पिनियन (शाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडतो ते टोक) वर करायचा, थेट ट्रान्सफर केसकडे (शाफ्टला ताकद देणाऱ्या पेटीकडे) रोखायचा. पाट्यांखाली पाचर मारली की झालं काम. मी ४ डिग्रीची मारली आहे.

मोजपट्टी
इथेच सगळे घसरतात. पिनियन ट्रान्सफर केसकडे रोखायचा तो शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन असेल तर. दोन्ही टोकांना साधा एकेरी क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. एकेरी क्रॉस कोनात फिरला की पुढचा भाग फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात उलटा वागतो, म्हणून पिनियनला सरळ फेरा मिळतो. एक कोन बदलला की ही वजाबाकी फिसकटते.
समांतर असूनही दोन्ही योकचे (क्रॉस धरणाऱ्या चिमट्यांचे) कान एका रेषेत नसतील तरी तेच होतं. शाफ्ट कधी उघडला असेल तर स्प्लाइनवरची खूण जुळते का बघा.

रानवाट
माझ्या गाडीला काही होत नाही.

गिअरकाका
रानवाट, तुम्ही ६० च्या वर चालवता का?

रानवाट
गरजच पडत नाही. माझी गाडी डोंगरासाठी आहे, हायवेसाठी नाही.

डबलगिअर
हब मोकळे केले, घरघर तशीच. न्यूट्रलला कमी झाली, पण गेली नाही. रिमच्या आत चिखल नाही, फुलथ्रॉटल, दोनदा बघितलं. शाफ्टच्या खुणा जुळतात.
आता ठोकळे बघितले. ते एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ आहेत. मिस्त्री म्हणाला, किटमध्ये तसेच येतात.

मोजपट्टी
मिळालं. ठोकळ्यातच पाचर आहे. कोन मोजून टाका. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी हवी. बॉडी जॅकवर घेतली की अ‍ॅक्सल लोंबतो आणि आकडे भलतेच येतात, मी स्वतः एकदा अख्खा रविवार त्यात घालवला आहे. तीन ठिकाणी मोजायचं, ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज.

पाटाकमान
ट्रान्सफर केस खाली घ्या ना, क्रॉसमेंबरला स्पेसर लावून. शाफ्टचा कोन लगेच कमी होतो.

चिखलसम्राट
उंची वाढवायला लिफ्ट करायची आणि पोटाखालचा भाग परत खाली आणायचा! दगडावर पहिला तोच बसणार.

पाटाकमान
तुम्ही दगडावर कधी गेलात? फोटो टाका.

गिअरकाका
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. अवांतर, पण महत्त्वाचं: मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला लोडसेन्सिंग ब्रेक व्हॉल्व असेल तर त्याची दांडी वाढलेल्या उंचीप्रमाणे जुळवून घ्या. नाहीतर व्हॉल्वला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. ब्रेकचे होजही अ‍ॅक्सल पूर्ण लोंबवून बघा, ताणले जात नाहीत ना.

डबलगिअर
आकडे आले. ट्रान्सफर केस ४ डिग्री, शाफ्ट १५, पिनियन ८.

मोजपट्टी
म्हणजे वरच्या क्रॉसला ११, खालच्याला ७. फरक ४. हा १ डिग्रीच्या आत हवा. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटे पीळ घेतात आणि पिनियनचं नाक अजून वर जातं, म्हणून पाय काढल्यावर तुम्हाला बरं वाटतं. ठोकळे सपाट घाला, पिनियन ४ वर येईल, दोन्हीकडे ११.
पण खरं सांगायचं तर ११ हा या वेगाला जास्तच कोन आहे. समांतर केल्यावर मोठी घरघर जाईल, बारीक थोडी राहील, आणि क्रॉस लवकर जातील.

चिखलसम्राट
म्हणून म्हणतोय, डबल कार्डन.

रानवाट
पाचर काढू नका.

गिअरकाका
स्टेअरिंगचं राहिलं. रेडियस आर्मवर गाडी उचलली की पुढच्या अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो, कॅस्टर (म्हणजे मागचा झुकाव) जातो, मग स्टेअरिंग परत कसं येणार? सॉलिड अ‍ॅक्सलला अलाइनमेंटच्या मशीनवर फक्त टो फिरवता येतो, त्यामुळे त्यांची चिठ्ठी खरीच आहे. कॅस्टर किती उरलाय तो आकडा मागून घ्या. सुधारायला ऑफसेट बुश मिळतात, पण अ‍ॅक्सल मागे झुकवला की पुढचा पिनियन खाली जातो आणि फोर व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट बोलायला लागतो. एकीकडे दिलं की दुसरीकडून घेतलं जातं.
कललेलं स्टेअरिंग शेवटी घ्या. आधी पॅनहार्डने अ‍ॅक्सल मध्यावर, मग टो, मग ड्रॅग लिंकने (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने) स्टेअरिंग सरळ. बुशचे बोल्ट कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत कसले की बुश कायम पिळलेले राहतात आणि फाटतात.

फुलथ्रॉटल
माझे फाटले होते. तसेच.

डबलगिअर
सगळ्यांचे आभार. कॅस्टर मागितला, दीड डिग्री निघाला. आठवडाभर विचार करून ठोकळे आणि पुढचे स्पेसर दोन्ही काढून टाकले. आता लिफ्ट दीड इंचच. मागे नवीन आखूड यू-बोल्ट टाकले. जुने एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत असं मिस्त्रीच म्हणाला, त्याचं हे एक मात्र ऐकलं. थोडी गाडी चालवून परत कसले, पाव फेरा घेतलाच त्यांनी.
ट्रान्सफर केस ४, शाफ्ट १२, पिनियन ४. दोन्हीकडे ८. ८५ ला शांत. ९५ च्या पुढे कान लावला तर अगदी बारीक काहीतरी येतं, म्हणून कान लावत नाही. कॅस्टर ३ च्या आसपास आला, स्टेअरिंग वळणातून परत येतं. ड्रॅग लिंक मीच फिरवली. तिचा नट सोडायला निम्मा दिवस गेला, हाताची साल निघाली ती वेगळीच.

चिखलसम्राट
मग उचललीच कशाला?

पाटाकमान
ट्रान्सफर केस खाली घेतला असता तर ३ इंच राहिले असते.

फुलथ्रॉटल
बॅलन्सिंग केलं का शेवटी?

रानवाट
ते तिरके ठोकळे पडूनच असतील तर मला हवेत. उत्तर व्यक्तिगत निरोपात द्या.

डबलगिअर
रानवाट, देतो. पण ६० च्या वर जायचं नाही, हे लिहून द्या.