एका शब्दाचं कार्ड: कविता म्हणायची की ग्रीटिंग?

कोठीवरची (बडोदा):

नमस्कार मंडळी. कोठीजवळ राहते, ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चित्रकला शिकलेली नाही. लहानपणी बाबा फाइन आर्ट्सच्या फेअरला खांद्यावर बसवून न्यायचे, तेवढाच संबंध.

गेल्या वर्षभरात सात कार्डं केली. पोस्टकार्डाच्या मापाची, १४ बाय ९ सेंटिमीटर. लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) कोरून, शब्द आणि चित्र एकत्र. एकात 'वड' हा शब्द आहे, शिरोरेषेची फांदी आणि तिला पारंब्या. (वडोदरा म्हणजे वटोदर, वडाच्या पोटातलं गाव, म्हणून.) एकात 'सयाजीबाग' ही अक्षरं झाडाच्या आकारात बसवली आहेत. पण भांडण ज्याच्यावरून आहे ते कार्ड वेगळंच.

डावीकडे आमचा झोपाळा. रिकामा, पण जरा तिरका, म्हणजे कोणीतरी आत्ताच उठलंय. उजव्या कडेला अगदी खाली एकच शब्द: येते. त्यातला 'ते' अर्धा कार्डाच्या बाहेर. लेक हॉस्टेलला निघाली तेव्हा चपला सरकवता सरकवता एवढंच म्हणाली होती. आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत ना.

हे एका दिवाळी अंकाला पाठवलं. संपादकांचा फोन: "ताई, छान आहे, पण हे ग्रीटिंग झालं. कविता असेल तर सरळ टाइप करून पाठवा." मी सरळ टाइप करून पाठवली. येते. त्यांचा उलट मेसेज: "पुढचं?"

याहून वाईट पुढे झालं. भाऊबीजेला वाटायला दोनशे प्रती छापायला दिल्या. छापखान्यातल्या मुलाला वाटलं 'ते' कटिंगमध्ये जातोय, म्हणून मला न विचारता त्याने शब्द सेंटिमीटरभर आत घेतला. वर अभिमानाने फोन: "मासी, भूल हती, सुधारी दीधी." आता दोनशे कार्डांवर 'येते' कडेपासून लांब मजेत उभी आहे. कुठे निघालीये असं वाटतच नाही.

तर सांगा, संपादकांचं बरोबर का? आणि या दोनशेंचं काय करू? पैसे दिलेत हो.

मांडवीचे सर:

ताई, संपादकांनी स्वतःच तुमची बाजू सिद्ध करून दिली. सरळ टाइप केल्यावर त्यांना "पुढचं?" विचारावं लागलं, म्हणजे कविता त्या कडेवर होती आणि टायपिंगमध्ये सांडली.

याला काँक्रीट पोएट्री म्हणतात, शब्द कुठे आणि कसा मांडलाय यातच जिचा अर्थ असतो अशी कविता. नाव ऐकून आपल्या लोकांना सिमेंट आठवतं, त्याला इलाज नाही. ऑयगेन गोमरिंगर हा जर्मनमध्ये लिहिणारा स्विस कवी, १९५३ साली त्याचा पहिला संग्रह आला. त्याची एक कविता म्हणजे 'गप्प राहणं' या अर्थाचा एकच शब्द, पाच ओळी, ओळीत तीनदा. मधल्या ओळीतला मधला शब्द मात्र गाळलेला. शब्द चौदा वेळा येतो आणि बडबड करतो, गप्प बसते ती मधली कोरी जागा. फोनवर वाचून दाखवा बघू कोणाला! त्याच सुमारास, १९५२ मध्ये, साओ पावलोत 'नोइगांद्रेस' नावाचा गट जमला. त्यातल्या ऑगस्टो द कांपोसने १९६५ मध्ये 'लूशू', म्हणजे चैन, हा शब्द बारीक छापून पुन्हापुन्हा मांडला आणि त्यातून मोठ्या अक्षरांत 'लिशू' उभा केला. लिशू म्हणजे कचरा. मंगळबाजारात दिवाळीच्या आदल्या रात्री उभं राहिलं की ती कविता समजते, पोर्तुगीज येवो न येवो.

आणि कार्डाला कमी लेखू नका. स्कॉटलंडचा इयन हॅमिल्टन फिनले, त्याने १९६१ मध्ये वाइल्ड हॉथॉर्न प्रेस सुरू केली आणि पुढे जन्मभर कार्डं, घडीची पत्रकं, पुस्तुल्या काढल्या. कविता टपालाने जावी, कोणाच्या तरी टेबलावर उभी राहावी, हे त्याचं कामच होतं. आपल्याकडे र. कृ. जोशी: कवी, सुलेखनकार, आणि विंडोजमधला 'मंगल' फाँटही त्यांचाच. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'त कोंबड्या ज्वारीच्या शेतात उड्या मारतात तिथे शब्दही पानभर उड्या मारतात. आपल्या गावात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या चित्रकारांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' हे नियतकालिक चालवलं, त्यात चित्रं आणि कविता मांडीला मांडी लावून बसायच्या.

आता बोचेल असं एक. सयाजीबागचं कार्ड काढून टाका. तो अक्षरगणपती झाला. नावातून गणपती काढतात, बघणारा "वा" म्हणतो, पण नावही तेच राहतं आणि गणपतीही तोच. झाडाच्या आकारात झाडांच्या बागेचं नाव घालून तुम्ही तेच दोनदा सांगितलंत.

इंदूरचा भाचा:

सर, स्वित्झर्लंड-ब्राझील झालं, घरचं राहिलं. संस्कृत कवी भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग काढा, सहाव्या शतकातला:

देवाकानिनि कावादे
वाहिकास्वस्वकाहि वा
काकारेभभरे काका
निस्वभव्यव्यभस्वनि

प्रत्येक ओळ उलटी वाचा, तीच. आता चारही ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचा: दे वा का नि. पहिल्या ओळीची सुरुवात! याला सर्वतोभद्र म्हणतात. कमळाच्या पाकळ्यांत, तलवारीच्या पात्यात बसवलेले श्लोकही आहेत.

मात्र अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने चित्रकाव्याला (असल्या अक्षरांच्या कसरतीही त्यातच येतात) 'अवर', म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचं काव्य म्हटलंय. तेव्हा ताई, तुमचे संपादक एकटे नाहीत, मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलेत. (मला स्वतःला भारवीची ही कसरत बघायला आवडते, पण तिने डोळ्यांत पाणी कधी आलं नाही. तुमच्या झोपाळ्याने जरा आलं.)

जुना जुळारी:

नातू टाइप करतोय, मी बोलतोय. रावपुऱ्यात एका छापखान्यात चौतीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले. मला कवितेतलं कळत नाही, कोऱ्या जागेतलं कळतं. तुम्ही लोक स्पेसबार दाबता. आम्हाला कोरी जागा हातात धरून लावावी लागायची. शिशाचे तुकडे असायचे, खिळ्यापेक्षा बुटके, म्हणजे शाई लागत नाही. मोकळ्या पानाचा फर्मा, म्हणजे छापायला जुळवून बांधलेलं पान, भरलेल्या पानापेक्षा हलका असेल असं वाटतं, उचलून बघायला हवा होता. दर डिसेंबरला कॉलेजची मुलं नव्या वर्षाची कार्डं घेऊन यायची, "काका, हे अक्षर इथे पडलंय असं दाखवा." पडलेलं अक्षर म्हणजे भोवती लाकडाच्या पाचरी ठोका, अर्धा दिवस गेला. मालक ओरडायचे.

आता तुमचं 'येते'. तुम्ही म्हणता 'ते' अर्धा कापायचा. कुठे कापणार? 'त'च्या उजवीकडे काना असतो. त्याच्या अलीकडे कापलंत तर उरेल काय? अर्धा त. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, त्याचा वेगळा खिळा होता, सत्य, त्याग, पत्नी यांच्यासाठी. तो एकटा कधी लावायचाच नाही, पुढे अक्षर पाहिजे. मी चौतीस वर्षांत एकदाही तो ओळीच्या शेवटी लावला नाही. तुमच्या कार्डावर तो शेवटी आहे. पुढच्या अक्षराची वाट बघत.

दुसरं. दोनशे कार्डं फेकू नका, परत छापूही नका. त्या मुलाने शब्द आत घेतला ना, मग कड आत घ्या. सेंटिमीटरभर आखूड होईल कार्ड, झोपाळ्याला काय फरक पडतो? पन्नास-पन्नासच्या गड्ड्या करा, ठोकून सारख्या करा, पेन्सिलीने कान्याच्या अलीकडे खूण करा आणि कटिंगला त्या मुलाच्या शेजारी स्वतः उभ्या राहा. आधी पाचच कापा. त्याला रागावू नका, कडेपासून अक्षर लांब ठेवायचं हेच त्याला शिकवलंय. मीही तेच केलं असतं.

कोठीवरची:

काका, तुमचं उत्तर रात्री दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं.

आज जाऊन आले. मुलगा आधी तयारच होईना. "मासी, अक्षर कपाई जशे." म्हटलं, कापायचंच आहे. पहिली पाच बिघडली, चौथ्यात तर पूर्ण 'ते' गेला आणि नुसतं 'ये' उरलं. तेवढं एक मी वेगळं ठेवलंय, लेकीला पाठवीन. मग जमलं. शेवटच्या गड्डीला तो स्वतःच म्हणाला, आता ही बाई बाहेर पडली.

सर, सयाजीबाग काढलं. राग आला होता, दुपारपर्यंत गेला. भाच्या, मम्मटांना नमस्कार, पण संपादकांना हे सांगू नकोस, ते आणखी ताठ होतील.

कापलेल्या पट्ट्या घरी आणल्यात. सेंटिमीटरभर रुंद, प्रत्येकीवर एक काना आणि मात्रेचा इवलासा तुकडा. टाकवत नाहीत. वडाच्या कार्डाला पारंब्या कमी पडतच होत्या, उद्या खळ करून चिकटवायला बसते.