डॅलसजवळ टोर्नेडोत घराचं छप्पर गेलं: क्लेम, कागदपत्रं, सामान... सुरुवात कुठून?

पुण्याची_धाकटी

ताई-भावोजींच्या घरावरून परवा रात्री टोर्नेडो गेला. दोघं आणि भाची (वय ६, जन्म तिथलाच) जिन्याखालच्या कपाटात बसले होते, सुखरूप आहेत. सध्या हॉटेलात.

घर २००४ चं, मॉर्गेज चालू. मागच्या बाजूचं छप्पर उडालंय, वरच्या दोन खोल्या उघड्या पडल्यात, खाली ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते) भिजून फुगलीय. एक गाडी झाडाखाली. दोघंही एच-१बी वर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा). पासपोर्टांची फाईल सापडत नाही. विमा कंपनीकडून क्लेम नंबर मिळाला, पण अ‍ॅडजस्टर (नुकसान मोजणारा कंपनीचा माणूस) ५-६ दिवसांनी येणार. रूफर (छप्पर दुरुस्त करणारे कंत्राटदार) मात्र दारातच आहेत, 'सही करा, डिडक्टिबलचं आम्ही बघतो' म्हणून मागे लागलेत. (डिडक्टिबल म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा वाटा.)

अ‍ॅडजस्टर येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही का? फेमाची (अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेची) मदत एच-१बी वाल्यांना मिळते का? आणि मी इथे बसून काय करू शकते?

---

वळचण

हात लावायचा नाही हा गैरसमज आहे, आणि महागात पडतो. पुढचं नुकसान थांबवणं ही पॉलिसीप्रमाणे घरमालकाचीच जबाबदारी असते. भिजलेल्या ड्रायवॉलवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते आणि टेक्ससमधल्या बऱ्याच पॉलिसींत बुरशीचं कव्हर तुटपुंजं असतं किंवा नसतंच. म्हणजे आठवडाभर वाट पाहिली तर छपराचे पैसे मिळतील आणि बुरशीचे खिशातून जातील.

घरात शिरण्याआधी: गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबू नका, बाहेर पडा आणि तिथून फोन करा. जाड तळाचे बूट घाला, चपला नकोत. खिळा लागला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

मग आधी फोटो. प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून, छत आणि जमीन धरून, आणि एक सलग व्हिडिओ. त्यानंतरच टार्प (छप्पर झाकायची ताडपत्री). तो आढ्यावरून पलीकडच्या उतारावर ३-४ फूट जायला हवा. भोकाच्या वरच्या कडेला नुसता ठोकला तर पाणी उतारावरून येऊन त्याच्याच खाली शिरतं. निम्मे टार्प इथेच फसतात. कड लाकडी पट्टीभोवती गुंडाळायची आणि खिळे पट्टीतून मारायचे. टार्पमधून थेट मारलेला खिळा पहिल्या वाऱ्यात फाडून निघतो. हे काम भावोजींनी शिडीवर चढून करू नये. माणूस बोलवा, पावती ठेवा, तात्पुरत्या दुरुस्तीचा वाजवी खर्च क्लेममध्ये धरला जातो.

छत पोटासारखं फुगलं असेल तर खाली बादली ठेवून, बाजूला उभं राहून, स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. नाहीतर सगळं एकदम अंगावर येतं. माळ्यावरचं भिजलेलं इन्सुलेशन काढून टाका, ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं. गालिचा फेकताना फूटभर चौकोनी तुकडा कापून ठेवा, अ‍ॅडजस्टरला दर्जा दाखवायला लागतो.

कचरा रस्त्याच्या कडेला ढीग वेगळे करून: झाडपाला, बांधकामाचा राडारोडा, फ्रिज-वॉशर, इलेक्ट्रॉनिक्स, रंग-रसायनं. एकत्र केला तर शहराची गाडी तो ढीग तसाच सोडून पुढे जाते. पाण्याच्या मीटरवर आणि हायड्रंटजवळ ठेवू नका.

वीज: तारा वीज कंपनीच्या, पण घराला लावलेला तारेचा खांब आणि मीटरचा डबा घरमालकाचा. तो वाकला असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनने दुरुस्त केल्याशिवाय जोडणी मिळत नाही. त्याची रांग मोठी असते, आजच नंबर लावा.

---

क्लेमपुराण

पॉलिसीचं पहिलं पान, ज्याला डेक्लरेशन म्हणतात, ते मागवून घ्या. पाच आकडे शोधायचे: घर, कुंपण-शेड, सामान, बाहेर राहण्याचा खर्च, आणि वारा-गारांचं डिडक्टिबल. हे शेवटचं टेक्ससमध्ये बहुधा ठरावीक रक्कम नसून घराच्या विम्याच्या १ किंवा २ टक्के असतं. ४ लाख डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे ८ हजार.

पहिला चेक बघून लोक हबकतात, म्हणून हिशेब आधीच सांगतो. समजा दुरुस्ती १ लाख २० हजारांची. छपराचं नि बाकीचं वय धरून घसारा २५ हजार. पहिला चेक १,२०,००० वजा २५,००० वजा ८,००० म्हणजे ८७ हजारांचा. पॉलिसी 'रिप्लेसमेंट कॉस्ट'ची असेल तर ते २५ हजार काम पूर्ण करून पावत्या दिल्यावर मिळतात. 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू'ची असेल तर ते गेले. छपरापुरती वेगळी अट घातलेली असते कधीकधी, ती बघा.

चेक ताई-भावोजी आणि मॉर्गेज कंपनी अशा दोघांच्या नावे येईल. बँकेत भरायला जाऊ नका, परत येईल. मॉर्गेज कंपनीच्या 'लॉस ड्राफ्ट' विभागाला फोन करायचा. ते रक्कम स्वतःकडे ठेवून टप्प्याटप्प्याने सोडतात, मधे त्यांचा माणूस काम बघून जातो. कंत्राटदाराशी पैशाचे टप्पे ठरवताना हे डोक्यात ठेवा, नाहीतर काम अर्ध्यावर आणि पैसे अडकलेले. घर राहण्याजोगं नसलं तरी हप्ता चालूच राहतो. सवलत हवी असेल तर मागून घ्या, न सांगता थांबवू नका.

बाहेर राहण्याच्या खर्चात फक्त *वाढीव* खर्च मिळतो. घरी किराणा महिना ८०० होत असेल आणि आता बाहेर खाऊन १,७०० होत असेल तर मिळणार ९००. म्हणून आधीच्या दोन-तीन महिन्यांची कार्ड स्टेटमेंटं काढून ठेवा. लाँड्री, जास्तीचं पेट्रोल यातच. ही रक्कम संपणारी असते. दुरुस्ती सहा-आठ महिने चालायची असेल तर हॉटेल लवकर सोडून भाड्याचं घर बघा, स्वयंपाकघरासकट.

गाडीचा यात संबंध नाही. ती गाडीच्याच विम्यातून, आणि त्यातही 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असेल तरच. गाडीतलं सामान मात्र घराच्या पॉलिसीत. पडलेल्या झाडाची किंमत मिळत नाही. घरावर किंवा कुंपणावर पडलं असेल तर ते उचलायचा खर्च मिळतो, तोही बऱ्याच प्रमाणित पॉलिसींत झाडामागे ५०० डॉलरपर्यंतच.

आणखी एक, जे लोक विसरतात. घर २००४ चं, पण दुरुस्ती आजच्या बांधकाम नियमांनी होणार. त्या फरकाचे पैसे 'ऑर्डिनन्स ऑर लॉ' हे कव्हर असेल तरच.

---

दारात_रूफर

डिडक्टिबलचं 'बघून घेतो' म्हणणाऱ्याला वाटेला लावा. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससमध्ये कंत्राटदाराने ते माफ करणं किंवा बिल फुगवून त्यात जिरवणं बेकायदा आहे. विमा कंपनी ते भरल्याचा पुरावा मागू शकते आणि तोवर घसाऱ्याचे पैसे अडवू शकते.

टेक्ससमध्ये रूफरला राज्याचा परवाना नसतो, त्यामुळे 'लायसेन्स्ड रूफर' या पाटीला अर्थ नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीवाल्याला असतो, तो तपासा. आपत्तीनंतर बाहेरगावच्या कंत्राटदाराला काम सुरू करण्याआधी आगाऊ रक्कम मागता येत नाही. आणि रूफरने 'क्लेमही मीच लढवतो' म्हटलं तर तेही कायद्यात बसत नाही. ते काम घरमालकाच्या बाजूने क्लेम मांडणाऱ्या, परवाना असलेल्या पब्लिक अ‍ॅडजस्टरचं, त्याची फी जास्तीत जास्त १० टक्के.

---

कागदी_वाघ

पासपोर्ट. आधी पोलीस रिपोर्ट, मग भारतीय वाणिज्य दूतावासाकडे अर्ज (टेक्सस ह्यूस्टनच्या अखत्यारीत येतं). पासपोर्टबरोबर व्हिसाचा शिक्काही गेला, तर घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत *राहायला* शिक्का लागत नाही, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) लागतो, आणि तो सीबीपीच्या (सीमा-सीमाशुल्क खात्याच्या) संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून घेता येतो. शिक्का लागतो तो बाहेर जाऊन परत येताना. म्हणून भारतात यायचं तिकीट घाईने काढू नका. आय-७९७ ची (एच-१बी मंजुरीच्या पत्राची) प्रत कंपनीच्या वकिलाकडे असतेच, मूळ प्रतच हवी असेल तर आय-८२४ हा अर्ज.

घर बदललं की १० दिवसांत एआर-११ हा फॉर्म भरून इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा. आणि दोघांपैकी कोणी घरून काम करत असेल तर नवा पत्ता कंपनीच्या वकिलाला *आधी* सांगा, एच-१बी कामाच्या जागेशी बांधलेला असतो.

फेमा. दोन अडथळे. पहिला, राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करून त्यात त्या काउंटीला (जिल्ह्याला) व्यक्तिगत मदत मंजूर व्हावी लागते; प्रत्येक टोर्नेडोनंतर तसं होत नाही. दुसरा, रोख मदत नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या ठरावीक गटांनाच, एच-१बी त्यात नाही. पण घरात १८ वर्षांखालचं मूल नागरिक असेल तर आईवडील त्या मुलाच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर कुटुंबासाठी अर्ज करू शकतात. म्हणजे या घरात अर्जदार भाची! मुदत सहसा जाहीर झाल्यापासून ६० दिवस, फोन ८००-६२१-३३६२. विम्यातून मिळालेल्या गोष्टीचे पैसे फेमा परत देत नाही, त्यामुळे आधी क्लेम आणि त्याचं पत्र, मग हे. नकाराचं पत्र आलं तर वाचा तरी. बऱ्याचदा एखादा कागद कमी असतो आणि अपिलाला ६० दिवस असतात. निवारा, जेवण, पाणी यासाठी व्हिसा कोणी विचारत नाही.

---

पुण्याची_धाकटी

खूप आभार. ताईला सगळं वाचून दाखवलं. सामानाची यादी कंपनीने मागितलीय, ती म्हणते मला काहीच आठवत नाहीये. दागिन्यांचा डबाही वरच्या खोलीत होता. शिवाय आईने दिलेली लोणची, मसाले ठेवावे की टाकावे विचारतेय.

---

क्लेमपुराण

यादी हे *तुमचं* काम. टेक्सस सध्या पुण्याच्या साडेदहा तास मागे आहे, ती झोपते तेव्हा तुम्ही जाग्या असता. फॅमिली ग्रुपवरचे गेल्या काही वर्षांचे फोटो काढा: वास्तुशांत, गणपती, हळदीकुंकू, भाचीचे वाढदिवस. फोटोच्या *मागे* बघायचं. सोफा, टीव्ही, पडदे, कपाटातला डिनर सेट, मिक्सर, सगळं दिसतं. मग तिच्या ऑनलाइन खरेदीच्या खात्यांतून जुन्या ऑर्डरी उतरवून घ्या.

तक्ता: खोली, वस्तू, नग, कंपनी-मॉडेल, कधी घेतली, आज नवी घ्यायला किती, फोटो क्रमांक. 'स्वयंपाकघराचं सामान ५०० डॉलर' असं लिहिलं तर ५०० देखील मिळायचे नाहीत. ५ लिटरचा प्रेशर कुकर १, ३ लिटरचा १, इडलीपात्र १, स्टीलचे डबे १४, अशी लिहा. भारतातून नेलेल्या वस्तूला तिथे आज मिळणारी किंमत लावायची, इथली रुपयांतली नव्हे. एक कपाट मनात उघडायचं, वरून खाली यायचं, मग पुढचं. एका बैठकीत एकच खोली.

दागिने: बऱ्याच प्रमाणित पॉलिसींत दागिन्यांना १,५०० डॉलरची मर्यादा *चोरीसाठी* असते. वाऱ्याने गेलेले आणि चोरीला गेलेले यात म्हणूनच फार फरक पडतो. पॉलिसीतलं नेमकं वाक्य वाचल्याशिवाय फोनवर 'कोणी नेले असतील' असं ओघात बोलू नका. माहीत नसेल तर 'सापडत नाहीत' एवढंच म्हणायचं, तेच खरं आहे. सराफाची पावती पुण्यात असेल तर शोधा, आणि अंगावर दागिने असलेले लग्नाचे फोटो. रोख रकमेला मर्यादा फारच कमी, साधारण २०० डॉलर.

---

वळचण

लोणची-मसाले: झाकण उघडलेलं किंवा निघालेलं सगळं टाका, पिठं आणि मिसळणाचा डबासुद्धा. काचेचा कीस आणि इन्सुलेशनचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. न उघडलेले डबे पुसून ठेवायला हरकत नाही. वीज जाऊन चार तास झाले की फ्रिजमधलं दूध, शिजवलेलं गेलं. फ्रीजर भरलेला आणि बंद असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. टाकण्याआधी फोटो, अन्नाचेही पैसे मिळतात कधीकधी.

कपडे आधी बाहेर झटकायचे, मग मशीनमध्ये. साड्या हाताने चोळू नका, जरीत अडकलेली काच बोटात जाते. गाद्या-उशा वाचवत बसू नका.

---

दारात_रूफर

क्लेमपुराणांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण एक भर. अ‍ॅडजस्टरने दिलेला पहिला अंदाज हा शेवटचा आकडा नसतो. दोन स्थानिक कंत्राटदारांचे ओळीओळीने लिहिलेले अंदाज घ्या आणि राहिलेल्या गोष्टींची पुरवणी मागा. पब्लिक अ‍ॅडजस्टर पहिल्याच आठवड्यात नेमू नका. फक्त छप्पर आणि दोन खोल्यांचा सरळ क्लेम असेल तर १० टक्के फुकट जातात. घराचा सांगाडा हलला आहे की नाही यावर वाद झाला तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या, तो जास्त कामाचा. कंपनी उत्तरच देत नसेल तर टेक्ससच्या विमा खात्याकडे तक्रार, ८००-२५२-३४३९, फुकट आहे.

---

कागदी_वाघ

पासपोर्टची फाईल घराच्या आसपासच शोधू नका. २०११ मध्ये अलाबामातल्या टोर्नेडोंनंतर कागद आणि फोटो शंभराहून जास्त मैल लांब सापडले होते, आणि लोकांनी फेसबुकवर टाकून परत केले. टोर्नेडो बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतो, तेव्हा ईशान्येच्या गावांचे ग्रुप बघा. पण पासपोर्ट हरवल्याची नोंद करून टाकली की तो रद्द होतो, नंतर सापडला तरी वापरायचा नाही.

भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात हलकेच धुवून, छापील बाजू वर करून सावलीत वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर मधेमधे मेणकागद घालून फ्रीजरमध्ये टाका, पुढे कधीही सोडवता येतात.

पुण्याहून पैसे पाठवणार असाल तर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही. ताईने मात्र वर्षात परदेशातून १ लाख डॉलरच्या वर भेट घेतली तर तिला फॉर्म ३५२० (अमेरिकी कर खात्याला भेटीची माहिती) भरावा लागेल.

---

जिन्याखालचं_कपाट

भाचीविषयी कोणी बोललं नाही म्हणून. तिकडे अनेक शहरांत महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी भोंग्यांची चाचणी होते. तिला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि शाळेतल्या बाईंनाही कळवा. हॉटेलात गेल्यावर 'भोंगा वाजला तर आपण कुठे बसायचं' ती जागा तिलाच निवडू द्या: खालचा मजला, खिडकी नसलेली, बहुधा न्हाणीघर. तिथे बूट, सायकलचं हेल्मेट आणि टॉर्च ठेवा. मोठ्यांना रात्री झोप लागत नसेल तर ८००-९८५-५९९० ही आपत्तीनंतरची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

---

पुण्याची_धाकटी

स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली झाली, १८६ ओळी. इंजिनिअर गुरुवारी येतोय. वास्तुशांतीच्या फोटोत दागिन्यांचा डबा दिसतोय, पण झाकण बंद आहे.

---

क्लेमपुराण

डबा यादीत घ्या. आतल्यासाठी लग्नाचे फोटो.