मुलगा ‘क’ला ‘त’ म्हणतो

रावेरची आई: पोऱ्या साडेचार वर्षांचा. केळीला ‘तेळी’, काकाला ‘ताता’. पुस्तक घेऊन बसवलं की तोंडच उघडत नाही. खेळता खेळता काही करता येईल?

फैजपूरची आजी, निवृत्त अंगणवाडीसेविका: पुस्तक ठेव बाजूला. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग वर लागतो, याची जीभ पुढे दातांकडे पळते. अंगणात बाजेवर उताणा निजव, जीभ आपसूक मागे जाते. कावळे बघत ‘काव काव’ करू दे. मग लपाछपीत ‘कुठे?’ ओरडायचं. ‘तुठे’ आलं तर टोकू नको, तूच ‘कुठे’ म्हण. अन् पाहुण्यांसमोर वदवून हसणाऱ्यांना चहा देऊ नको!

भुसावळकर: कान तपासलेत का? ते आधी करा. ‘र’ची मात्र घाई नको, तो उशिराच येतो.

रावेरची आई: कानाला उद्याच नेते. बाजेवर काव काव जमलं! काका अजून ‘ताता’च.