मदत हवी आहे - मंडळीतल्या (चर्चमधल्या) चुकीच्या शिकवणीबद्दल पाळकांशी (पास्टरांशी) कसं बोलू?

सर्वांना जय ख्रिस्त, थोडं मन मोकळं करतोय. आमच्या मंडळीत गेले काही महिने संदेश म्हणजे फक्त पैसा, बी पेरा म्हणजे दान द्या आणि शंभरपट परत घ्या, मलाखी ३:१० (दशांश आणा, देव आशीर्वाद ओतेल हे बायबलमधलं वचन) तर दर रविवारी, आणि आजारी माणूस बरा झाला नाही तर म्हणे त्याचाच विश्वास कमी. मग प्रेषित पौलाचं काय, त्याने ३ वेळा विनंती केली तरी शरीरातला काटा गेला नाही (२ करिंथ १२), त्याचा विश्वास कमी होता का? हिशोब विचारला तर लगेच स्तोत्र १०५ काढतात, अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका. अरे पण तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल लिहिलंय ना, हिशोब न देणाऱ्यांबद्दल कुठे? बिरुया शहरातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्रात तपासून बघायचे (कृत्ये १७:११) आणि त्यांचं कौतुकच झालंय.

आता अडचण अशी की मत्तय १८ प्रमाणे आधी एकांतात बोलावं, का १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोघे-तिघे साक्षीदार घेऊनच जावं? ही तर जाहीर शिकवण आहे. बायको म्हणते गप्प दुसरी मंडळी बघू, पण नवीन विश्वासणारे मागे राहतात त्यांचं काय. कोणी अशातून गेलंय का, सुरुवात कशी केलीत? प्लीज सांगा, उगाच फूट पाडायची नाहीये मला.